सध्या काय वाचताय? फँटसी आणि विज्ञानकथांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. "एकच विचारतो" म्हणून सुरुवात होते आणि पाच होतात. सोपे आधी, अडचणीचे नंतर, असा साधारण क्रम लावला आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. कुठल्याही पुस्तकाचा शेवट इथे फोडलेला नाही.

१. फँटसी आणि सायन्स फिक्शनचे वाचक सध्या वाचतायत तरी काय?

गेल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त गाजावाजा आहे तो रोमँटसीचा (प्रश्न ४). तिच्या खालोखाल मॅट डिनिमनची 'डंजन क्रॉलर कार्ल' (प्रश्न ५), अँडी वेअरची 'प्रोजेक्ट हेल मेरी', मार्था वेल्सच्या मर्डरबॉटच्या गोष्टी, आणि ब्रँडन सँडरसनचं जे काही नवं येईल ते. पुरस्कारांवर नजर ठेवणारे रॉबर्ट जॅक्सन बेनेटची 'द टेंटेड कप' संपवून तिचा पुढचा भाग 'अ ड्रॉप ऑफ करप्शन' घेऊन बसलेले दिसतात.

पण ही झाली वरवर दिसणारी यादी. प्रत्यक्षात बरेच जण जुनंच वाचत असतात. कोणी टेरी प्रॅचेट पुन्हा काढलेला असतो, कोणी सिनेमा पाहून आल्यावर १९६५ सालची 'ड्यून' उघडलेली असते. या साहित्यात पुस्तकं सहजी शिळी होत नाहीत. 'प्रोजेक्ट हेल मेरी' २०२१ ची, मर्डरबॉटचा पहिला भाग २०१७ चा, एड्रियन चायकोव्स्कीची जाळं विणणाऱ्या कोळ्यांच्या संस्कृतीवरची 'चिल्ड्रन ऑफ टाइम' २०१५ ची; तरी तिन्ही आजही लोकांच्या उशाशी आहेत. त्यामुळे नव्याच्या मागे धावून दम लागत असेल तर खुशाल थांबा. काही चुकत नाही.

२. सायन्स फिक्शन आणि फँटसी या दोन वेगळ्या गोष्टी असताना नाव नेहमी जोडीनंच का घेतात?

कारण वाचक तेच, मासिकं तीच आणि बरेचसे पुरस्कारही तेच. ढोबळ फरक असा: विज्ञानकथेतली अशक्य गोष्ट कुठल्या तरी शास्त्राच्या किंवा तंत्राच्या आधारावर उभी असते, फँटसीतली तशी नसते. सीमारेषेवर मात्र कायम भांडणं चालू असतात. एन. के. जेमिसिनच्या 'ब्रोकन अर्थ' या त्रयीत भूकंप आवरणारी माणसं आहेत; ती कुठल्या कप्प्यात टाकायची यावर रात्र काढता येते. त्या वादात पडण्यापेक्षा पुस्तक वाचलेलं बरं. या त्रयीच्या तिन्ही भागांना २०१६, २०१७ आणि २०१८ असे ओळीनं तीन वर्षं ह्यूगो पुरस्कार (प्रश्न ८) मिळाले. असा पराक्रम त्याआधी कोणाच्याच नावावर नव्हता.

३. मी यातलं आजवर काहीच वाचलेलं नाही. पहिलं पुस्तक कोणतं घेऊ?

छोटं आणि एकटं उभं राहणारं घ्या. नवखे वाचक हमखास इथे फसतात: कोणीतरी "सर्वोत्तम" म्हणून दहा खंडांच्या मालिकेचा पहिला खंड हातात देतं, तीनशे पानं नकाशे आणि राजघराणी पाठ करण्यात जातात, आणि "हे आपल्यासाठी नाही" असं ठरवून माणूस कायमचा लांब जातो.

विज्ञानकथेसाठी मी डोळे मिटून मार्था वेल्सची 'ऑल सिस्टिम्स रेड', म्हणजे मर्डरबॉटचा पहिला भाग, सुचवते. दीडेकशे पानांची लघुकादंबरी आहे. निवेदक आहे अर्धा यंत्र, अर्धा सजीव असा भाड्यानं दिला जाणारा सुरक्षारक्षक. त्यानं स्वतःवरचं नियंत्रण गुपचूप मोडून काढलंय. आता तो वाटेल तितकी माणसं मारू शकतो. आणि या स्वातंत्र्याचं तो करतो काय, तर लपूनछपून मालिका बघतो! पस्तीस हजार तासांना थोडेच कमी भरतील इतक्या बघून झाल्यात. माणसांनी आपल्याशी गप्पा मारू नयेत, डोळ्यात बघून बोलू नये, एवढीच त्याची माफक अपेक्षा. पहिल्याच पानावर तुम्ही हसलात तर पुढच्या भागांची सोय झाली. नाही हसलात तर संध्याकाळभराचाच वेळ गेला.

फँटसीसाठी सुझॅना क्लार्कची 'पिरानेसी'. न संपणाऱ्या दालनांचं एक घर, प्रत्येक दालनात पुतळे, खालच्या मजल्यांवर समुद्राची भरती-ओहोटी, आणि त्याचं काटेकोर टिपण ठेवणारा एक निरागस माणूस. २०२१ चा विमेन्स प्राइझ हिला मिळाला. एरवी फँटसीला नाकं मुरडणाऱ्यांनाही ही आवडलेली पाहिली आहे.

४. रोमँटसी म्हणजे काय? आणि ती "खरी" फँटसी आहे का?

रोमान्स आणि फँटसी यांपैकी एक काढलं तर गोष्ट कोसळते, अशी पुस्तकं. सारा जे. मासची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ मध्ये आली आणि पुढे हा प्रकार फोफावला. रेबेका यारोसची 'फोर्थ विंग' २०२३ ची. ड्रॅगनस्वार घडवणारी युद्धशाळा, जिथे नापास होणं म्हणजे बहुधा मरणं. तिसरा भाग 'ऑनिक्स स्टॉर्म' जानेवारी २०२५ मध्ये आला.

खरी आहे का? ड्रॅगन आहेत, जादूला नियम आहेत, युद्ध आहे. आणखी काय हवं? या प्रश्नामागे बऱ्याचदा "बायका वाचतात म्हणून हलकं" असा सूर असतो, तो मला पटत नाही. हां, जगाची घडण बारकाईनं तपासणाऱ्या वाचकाला यातली काही पुस्तकं विरळ वाटतील. त्याला नायक-नायिकेच्या नजरानजरेत रस नसेल तर त्यानं दुसरं काही घ्यावं. हे साहित्य मुलांच्या हाती देण्याबद्दल प्रश्न १२ पाहा, कारण तिथे घोळ होतो.

५. 'डंजन क्रॉलर कार्ल'बद्दल सगळेच बोलतायत. व्हिडिओ गेम न खेळणाऱ्याला कळेल का?

कळेल. एका रात्रीत पृथ्वीवरच्या सगळ्या इमारती जमीनदोस्त होतात आणि वाचलेल्यांना अठरा मजली भुयारात उतरावं लागतं. परग्रहावरची कंपनी हा जीवघेणा खेळ दीर्घिकाभर रिअॅलिटी शो म्हणून दाखवत असते. कार्ल वाचतो, कारण तो कडाक्याच्या थंडीत, अंगात पँटही नसताना, मैत्रिणीच्या पळालेल्या मांजरीमागे बाहेर आलेला असतो. मांजरीचं नाव प्रिन्सेस डोनट. लवकरच ती बोलू लागते आणि कार्लपेक्षा जास्त लोकप्रिय होते.

या प्रकाराला लिटआरपीजी म्हणतात. पात्रांचे गुण, पातळ्या, मिळालेली शस्त्रं हे सगळं गेमसारखं आकड्यांत मजकुरात येतं. सुरुवातीला ते खटकतं, मग त्यातच विनोद सापडायला लागतो. २०२० मध्ये लेखकानं स्वतःच प्रकाशित केलेली ही मालिका २०२४ पासून मोठ्या प्रकाशनाकडून पुठ्ठा बांधणीत येऊ लागली. रक्तपात आणि शिव्या भरपूर आहेत. पण खाली एक खरा संताप आहे, माणसांच्या मरणाचा तमाशा करणाऱ्यांबद्दलचा, आणि तोच वाचकाला सातव्या भागापर्यंत खेचत नेतो.

६. डोक्याला ताप नको. काही शांत, सुखाचं आहे का?

आहे, आणि त्याला कोझी फँटसी असं नावही पडलंय. ट्रॅव्हिस बाल्ड्रीच्या 'लेजंड्स अँड लाटेज'मध्ये (२०२२) लढायांना कंटाळलेली एक ऑर्क (फँटसीतली राकट, राक्षसी जमात) बाई तलवार टांगून कॉफीचं दुकान काढते. एवढंच. बेकी चेंबर्सची 'अ साम फॉर द वाइल्ड-बिल्ट' विज्ञानकथेच्या बाजूनं तेच करते: एक चहा पाजणारा भिक्षू आणि "माणसांना काय हवंय?" हे विचारायला आलेला यंत्रमानव.

७. सिनेमा किंवा वेब सिरीज येणार असेल तर आधी पुस्तक वाचावं का?

पुस्तकाचा जीव रहस्यात असेल तर आधी पुस्तक. 'प्रोजेक्ट हेल मेरी'चा नायक यानात जागा होतो तेव्हा त्याला स्वतःचं नावही आठवत नसतं. त्याच्याबरोबर एकेक गोष्ट उलगडत जाणं हीच मजा. ती ट्रेलर पाहून घालवू नका.

'ड्यून'चं उलटं. तिथे आधी सिनेमा पाहिला तर फायदा होतो, कारण कोण कुठल्या घराण्याचा आणि वाळवंटात कोणाची सत्ता हे डोळ्यांसमोर राहतं. पात्रांच्या मनात चाललेलं सगळं राजकारण मग पुस्तकातून मिळतं. मर्डरबॉटची मालिका २०२५ मध्ये पडद्यावर आली. तिथे क्रमानं फरक पडत नाही. फक्त पुस्तकातली सगळी गंमत निवेदकाच्या आवाजात आहे, ती पडद्यावर पुरती उतरत नाही.

८. ह्यूगो, नेब्युला, क्लार्क... कोणत्या पुरस्कारावर विश्वास ठेवू?

कोण ठरवतं ते पाहा, म्हणजे पुस्तकाचा अंदाज येतो. ह्यूगो १९५३ पासून दिला जातो आणि तो वर्ल्डकॉन या वार्षिक संमेलनाचे सदस्य, म्हणजे पैसे भरून सदस्य झालेले वाचक ठरवतात. नेब्युला लेखकांची संघटना देते. आर्थर सी. क्लार्क पुरस्कार ब्रिटनमध्ये प्रकाशित झालेल्या विज्ञानकादंबऱ्यांतून परीक्षक मंडळ निवडतं. म्हणून ह्यूगोत लोकांना भावलेलं, नेब्युलात लेखकांना कारागिरी पटलेलं आणि क्लार्कमध्ये कधीकधी अगदीच अनपेक्षित नाव दिसतं.

अलीकडची उदाहरणं: २०२४ चा ह्यूगो एमिली टेशच्या 'सम डेस्परेट ग्लोरी'ला, २०२५ चा 'द टेंटेड कप'ला. ही दुसरी मला फार आवडली. वरकरणी ती खुनाच्या तपासाची गोष्ट आहे. एका बंगल्यात एका अधिकाऱ्याच्या शरीरातून झाड फुटून तो मेलेला असतो. तपास करणारी बाई डोळ्यांना पट्टी बांधून बसते, आणि पाहिलेलं काहीही न विसरणारा तिचा तरुण मदतनीस घटनास्थळावरून सगळं डोक्यात भरून आणतो. फँटसीचा पसारा त्या खुनामागून हळूहळू उघडतो. श्रीलंकेचे लेखक वज्र चंद्रशेखर यांच्या 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स'ला नेब्युला मिळाला; ती जास्त अवघड, जास्त विचित्र आणि आपल्या वाचकाला ओळखीच्या संदर्भांची.

डोळे मिटून विश्वास मात्र कशावरच नको. २०२३ चा ह्यूगो चीनमधल्या चेंगडूला झाला. त्याची आकडेवारी जानेवारी २०२४ मध्ये बाहेर आली, तेव्हा आर. एफ. क्वांगच्या 'बेबल'सह काही नावं कारण न देता अपात्र ठरवल्याचं दिसलं आणि मोठा गदारोळ झाला. 'बेबल'ला त्या वर्षी नेब्युला मिळाला होता.

९. मालिका कोणत्या क्रमानं वाचायची? गोष्टीतल्या काळाप्रमाणे की प्रकाशनाप्रमाणे?

प्रकाशनाच्या क्रमानं. हा नियम दहापैकी नऊ वेळा चालतो. मागाहून लिहिलेला पूर्वेतिहास हा मूळ गोष्ट वाचलेल्यांसाठी असतो. तो आधी वाचला की मूळ पुस्तकातली गुपितं उघडी पडतात. नार्नियाच्या संचांवर 'द मॅजिशियन्स नेफ्यू'ला पहिला क्रमांक दिलेला दिसतो, पण ते १९५५ चं पुस्तक आहे. सुरुवात १९५० च्या कपाटवाल्या पुस्तकापासूनच, म्हणजे 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'पासून करा. आसिमॉव्हच्या 'फाउंडेशन'लाही हेच लागू.

आता अपवाद. प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्डच्या ४१ कादंबऱ्या आहेत आणि १९८३ चं पहिलं पुस्तक सर्वोत्तम नाही. 'गार्ड्स! गार्ड्स!' किंवा 'मॉर्ट'पासून सुरू करा. सगळं वाचायची सक्ती नाही. 'विचर'ची गंमत आणखी वेगळी. मूळ पोलिश क्रमात आधी दोन कथासंग्रह, मग कादंबऱ्या. पण इंग्रजीत दुसरा संग्रह 'सोर्ड ऑफ डेस्टिनी' २०१५ मध्ये, कादंबऱ्यांना सुरुवात झाल्यावर कितीतरी वर्षांनी आला. त्यामुळे जुन्या याद्यांमध्ये तो गायब असतो आणि वाचकाला कळत नाही की सिरी ही महत्त्वाची मुलगी अचानक आली कुठून. 'द लास्ट विश', 'सोर्ड ऑफ डेस्टिनी', मग 'ब्लड ऑफ एल्व्ह्ज' हाच क्रम धरा.

सँडरसनची पुस्तकं एकमेकांत गुंफलेली असतात म्हणून लोक घाबरतात. 'मिस्टबॉर्न' घ्या आणि पुढे चला. बाकीचे धागे नाही दिसले तरी गोष्ट अडत नाही.

१०. लेखकानं पुरी न केलेली मालिका सुरू करावी का?

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मालिकेचा पाचवा भाग २०११ चा, पॅट्रिक रॉथफसच्या त्रयीचा दुसरा भागही २०११ चा. दोन्हींच्या वाचकांना तेव्हापासूनची ताटकळ चुकलेली नाही. मी म्हणेन, प्रवास आवडत असेल तर चढा गाडीत, पण शेवट हवाच असेल तर पुरी झालेली मालिका निवडा. 'एक्स्पान्स'चे नऊ भाग २०११ ते २०२१ या दहा वर्षांत वेळेवर आले आणि शेवटही नीट झाला. तिच्यावर लेखक म्हणून असलेल्या जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावामागे दोन लेखक आहेत. जोडीनं लिहिलं की कामं होतात बहुतेक.

लेखक वारल्यावर मालिका दुसऱ्यानं पुरी करण्याचं उदाहरण म्हणजे 'व्हील ऑफ टाइम'. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले. त्यांच्या टिपणांवरून शेवटचे तीन खंड सँडरसननं लिहिले आणि चौदावा २०१३ मध्ये आला.

११. जुने अभिजात ग्रंथ वाचलेच पाहिजेत का?

नाही. परीक्षा नाही द्यायची. पण "जुनं म्हणजे संथ आणि कालबाह्य" हेही खरं नाही. ऑक्टाविया बटलरची 'पॅरेबल ऑफ द सोअर' १९९३ ची आणि तिची डायरी सुरू होते जुलै २०२४ मध्ये: दुष्काळानं आणि वणव्यांनी होरपळलेला कॅलिफोर्निया, भिंतीआड राहणाऱ्या वस्त्या, पाणी पेट्रोलहून महाग. लेखिका २००६ मध्ये गेली. पुस्तक न्यू यॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिल्यांदा आलं ते २०२० मध्ये. आज ती वाचणारे नव्या पुस्तकांइतक्याच तळमळीनं तिच्याबद्दल बोलतात.

१२. मुलगी बारा वर्षांची आहे, ड्रॅगन आवडतात. 'फोर्थ विंग' देऊ का?

नको. मुखपृष्ठ आणि शाळेची पार्श्वभूमी बघून अनेक पालक फसतात. ते प्रौढांचं पुस्तक आहे आणि त्यात उघड शृंगार आहे. तिला अर्सुला ले ग्विनची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' द्या. १९६८ ची, दोनेकशे पानांची. जादूच्या शाळेत गेलेला एक गर्विष्ठ मुलगा ईर्षेपोटी एक सावली मोकळी सोडतो आणि पुढे तीच त्याच्या मागे लागते. ड्रॅगनही आहे, आणि तो चांगला बोलतो.

१३. मराठीत काय आहे?

विज्ञानकथा बऱ्यापैकी, फँटसी कमी. जयंत नारळीकरांपासून सुरुवात करा. त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती. आपलं नाव पाहून परीक्षकांनी झुकू नये म्हणून स्वतःचीच आद्याक्षरं उलटी केली, आणि कथेला बक्षीस मिळालं. 'यक्षांची देणगी' हा संग्रह आणि 'प्रेषित', 'वामन परत न आला' या कादंबऱ्या आजही सहज वाचल्या जातात. २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा अनेकांनी ही पुस्तकं पुन्हा उघडली. त्यापुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे. भीतीच्या बाजूनं यायचं असेल तर नारायण धारप.

१४. अनुवादित विज्ञानकथेत मूळ रंग उतरतो का?

अनुवादकावर अवलंबून. लिऊ त्सिशिनची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' इंग्रजीत २०१४ मध्ये केन लिऊनं आणली. २०१५ मध्ये ह्यूगो जिंकणारी ती पहिली अनुवादित कादंबरी. चिनी पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीची प्रकरणं मध्ये ढकललेली होती, इंग्रजीत ती सुरुवातीला आली, आणि लेखकाचीही त्याला संमती होती. म्हणजे इथे अनुवादच लेखकाच्या मनातल्या मांडणीच्या जास्त जवळ आहे. दुसऱ्या भागाचा अनुवादक वेगळा असल्यानं भाषेची चाल बदलते. ते तुम्हाला जाणवलं तर तो भास नाही.

१५. ऑडिओबुक ऐकलं तर वाचलं म्हणायचं का?

म्हणायचं. काही पुस्तकं तर ऐकण्यासाठीच घ्यावीत. 'प्रोजेक्ट हेल मेरी'त एक पात्र सुरांमधून बोलतं. कागदावर तिथे स्वरचिन्हं आहेत, ध्वनिपुस्तकात प्रत्यक्ष सूर. 'डंजन क्रॉलर कार्ल'चे कितीतरी चाहते जेफ हेजच्या आवाजामुळेच चाहते झाले. नकाशे आणि नावांचं जंगल असलेली पुस्तकं मात्र कानानं जड जातात.

१६. वेळ अजिबात नाही. वीस मिनिटांत संपेल असं काही?

लघुकथा. या साहित्याचा कणा अजूनही मासिकं आहेत आणि 'क्लार्क्सवर्ल्ड', 'लाइटस्पीड', 'स्ट्रेंज होरायझन्स', 'अनकॅनी' यांच्यातल्या कथा इंटरनेटवर फुकट वाचता येतात. 'क्लार्क्सवर्ल्ड'वर फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्रानं लिहिलेल्या कथांचा इतका मारा झाला की संपादकांना कथा स्वीकारणं काही काळ बंद ठेवावं लागलं. विज्ञानकथेच्या मासिकावरच ही वेळ यावी! संग्रह हवा असेल तर टेड चियांगचा 'एक्झलेशन'. दिवसाला एकापेक्षा जास्त कथा वाचू नका, डोक्यात जागा उरत नाही.

१७. 'ऑर्बिटल'ला बुकर मिळालं. मग ती विज्ञानकथा धरायची की नाही?

सामंथा हार्वेच्या या छोट्या कादंबरीत अंतराळस्थानकावरची सहा माणसं चोवीस तासांत पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या घालतात आणि खाली बघतात. परग्रहवासी नाहीत, नवं तंत्र नाही, जे आहे ते आज अस्तित्वात आहे. प्रश्न २ मधली ढोबळ फूटपट्टी लावली तर ती विज्ञानकथा ठरत नाही. पण विज्ञानकथेच्या वाचकांनी ती उचलून धरली, कारण ज्या नवलासाठी ते इथे येतात ते तिच्यात ठासून भरलंय. कथानक शोधत बसलात तर मात्र वैतागाल.

१८. 'ड्यून' घेतली, पन्नास पानांत अडकलो. शब्दच कळत नाहीत. सोडून देऊ?

लगेच नको. बनवलेले शब्द तिथल्या तिथे कळावेत अशी लेखकाचीही अपेक्षा नसते. 'ड्यून'च्या शेवटी शब्दसूची आहे, पण दर ओळीला मागची पानं उलटलीत तर गोष्ट हाती लागणार नाही. न कळलेला शब्द पाहुण्याच्या घरातल्या अनोळखी नातेवाइकासारखा समजा; दोन-चारदा समोर आला की कोणाचा कोण ते आपोआप कळतं. ॲन लेकीच्या 'ॲन्सिलरी जस्टिस'मध्ये तर निवेदक सगळ्यांनाच 'ती' म्हणते, आणि कोण बाई कोण बुवा हे कळायच्या आतच त्याची गरज वाटेनाशी होते.

शंभर पानांनंतरही कोणाचं काय होईल याची फिकीर वाटत नसेल तर ठेवून द्या. फक्त कोणत्या पानावर थांबलात तिथे खूण ठेवा. 'ड्यून' दुसऱ्या खेपेला पुरी केलेले वाचक कमी नाहीत.